संसाराला उत्पन्नाची अट

एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने २१ वर्षे व त्यावरील कामगारांचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स ठरविले. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे, एकही दिवस बिनपगारी न जाऊ देता राबणाऱ्या कामगाराला या दराने वर्षाकाठी सुमारे २५,४०० पौंड मिळतात. तेही कर वजा होण्यापूर्वी. १८ ते २० या वयाच्या कामगाराला ताशी १० पौंड, म्हणजे त्याच हिशेबाने वर्षाला २०,८०० पौंड. याच सरकारच्या गृहखात्याच्या नियमावलीत आणखी एक आकडा आहे, २९,००० पौंडांचा. ब्रिटिश नागरिकाला आपल्या परदेशी पतीला, पत्नीला अथवा सहचराला मायदेशी आणून संसार थाटावयाचा असेल, तर त्याचे वार्षिक उत्पन्न किमान एवढे असले पाहिजे, असा दंडक ११ एप्रिल २०२४ पासून अमलात आला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मालकाने कायद्याने ठरविलेले पूर्ण वेतन दिले आणि कामगाराने आठवड्याचे चाळीस तास इमानाने काम केले, तरी एप्रिल २०२५ च्या या दरांनी विवाहाच्या अटीला साडेतीन हजार पौंड कमीच पडत. विशीच्या आतल्या कामगाराला आठ हजारांवर कमी पडत. जे वेतन श्रम विकत घ्यावयास पुरेसे आहे असे राज्यसंस्था म्हणते, ते वेतन संसार करावयास अपुरे आहे असेही तीच राज्यसंस्था सांगते.

हा प्रश्न दूरदेशीच्या कोणा प्रेमिकांचा, त्याच्याशी येथील कार्यकर्त्यांना काय कर्तव्य, असे कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतूनच नव्हे, तर लातूर, जळगाव, सांगलीहूनही मुलेमुली शैक्षणिक कर्ज काढून ब्रिटनमधील विद्यापीठांत जाऊ लागली आहेत. ती विशी-पंचविशीतील आहेत. वर्गात, वसतिगृहात, उपाहारगृहातील रात्रपाळीत त्यांच्या ओळखी होतात, काहींची मने जुळतात. ती कोणत्या देशाच्या पासपोर्टाशी जुळावीत याचे नियम अद्याप कोणी केलेले नाहीत. मने जुळल्यावर मात्र पासपोर्ट आडवा येतो. अशा जोडप्यापुढे कोणते मार्ग असतात हे बारकाईने पाहिले, तर स्थलांतराच्या कायद्यातील वर्गीय आशय अर्थशास्त्राच्या एखाद्या ग्रंथापेक्षा अधिक स्पष्टपणे उलगडतो.

पहिला मार्ग विवाहाचा. भारतात लग्न करून पती किंवा पत्नी म्हणून व्हिसा मागता येतो, अथवा वाग्दत्त म्हणून सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन तिकडे जाऊन लग्न करता येते. या सहा महिन्यांत नोकरी करण्यास मनाई असते. उत्पन्नाची अट दोन्हीकडे तीच. लग्नच करावयाचे नसेल, तर विवाहासारखे नाते किमान दोन वर्षे टिकले आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. उत्पन्नाची अट तेथेही सुटत नाही. केवळ पाहुणा म्हणून गेलेल्याला तेथे राहून जोडीदाराच्या व्हिसावर जाता येत नाही, परत यावे लागते. देशाबाहेरून करावयाच्या अर्जाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड होते आणि त्यावर आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. हा अधिभार प्रत्येक वर्षासाठी असला, तरी तो अर्जासोबत एकरकमी भरावा लागतो.

आता अटीचे अंतरंग. हे २९,००० पौंड कोणाचे? ब्रिटनमधील जोडीदाराचे. परदेशातून अर्ज करणाऱ्याची आपल्या देशातील कमाई हिशेबात धरली जात नाही. हिंजवडीतील एखादी अभियंता महिन्याला दीड लाख रुपये मिळवीत असली, तरी तिच्या ब्रिटिश नवऱ्याच्या अर्जावर तिच्या पगाराच्या रकान्यात शून्य. तिकडे गेल्यावर तिला नोकरी मिळण्याची कितीही शक्यता असली, तरी तिचेही मोल शून्य. मात्र तीच मुलगी शिक्षणानंतरच्या व्हिसावर आधीच ब्रिटनमध्ये असेल आणि तेथे कायदेशीर नोकरी करीत असेल, तर तिचा पगार जोडीदाराच्या पगारात मिळविता येतो. माणूस तोच, पदवी तीच, कौशल्य तेच. केवळ अर्ज विमानतळाच्या अलीकडून केला की पलीकडून, यावर त्याच्या श्रमाचे मूल्य ठरते. शिक्षणानंतरचा हा व्हिसा जुलै २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी सुरू करण्यात आला. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, डॉक्टरेट झालेल्यांचा अपवाद वगळता, तो दीडच वर्षाचा देण्याचे सरकारने ठरविले. विवाहाविना सहजीवनासाठी नात्याला दोन वर्षे हवीत आणि नाते रुजविण्यासाठी मुदत दीड वर्षाची, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पगार अपुरा असेल तर बचत दाखविण्याची सोय आहे. पगार मुळीच हिशेबात न धरता केवळ बचतीवर अट पुरी करावयाची, तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात पडून असले पाहिजेत. रुपयांत ही रक्कम कोटीच्या घरात जाते. ज्याच्या वडिलांनी ती खात्यात टाकली, त्याला पगाराची चिंता नाही. याउलट उपाहारगृहात, गोदामात वा शुश्रूषागृहात तासांच्या हमीविना काम करणाऱ्या तरुणाला या आठवड्यात तीस तास काम मिळते, पुढच्या आठवड्यात बारा. एकाच मालकाकडे सहा महिने सलग ठराविक पगार, किंवा नोकरी बदलली असल्यास वर्षभराच्या कमाईचे पुरावे, असा कागदांचा डोंगर त्याने उभा करावयाचा. श्रमबाजार लवचीक असावा म्हणून धोरण आखणारे सरकारच त्या लवचीकतेची शिक्षा कामगाराच्या संसाराला देते. अपंगत्वाचा किंवा रुग्णशुश्रूषेचा भत्ता मिळणाऱ्यांना या अटीतून सूट आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु धडधाकट गरिबाला सूट नाही.

लग्नाची घाई न करता काही काळ एकत्र राहून पाहावे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी तरुणांच्या देवाणघेवाणीची एक योजना आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यात २०२१ साली करार होऊन २८ फेब्रुवारी २०२३ रोजी ती सुरू झाली. १८ ते ३० वर्षे वयाच्या पदवीधर भारतीयांना दोन वर्षे तेथे राहून काम करता येते. खात्यात २,५३० पौंड हवेत, मुलेबाळे सोबत नेता येत नाहीत. जागा वर्षाला ३,०००, आणि त्या म्हाडाच्या घरांप्रमाणे सोडतीने मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या तरुणांना हीच सवलत ३५ वर्षांपर्यंत, तीन वर्षांसाठी आणि पदवीच्या अटीविना मिळते. २०२४ साली त्यांच्या वाट्याला ४५,००० जागा होत्या. तीन कोटींहून कमी वस्तीच्या देशाला पंचेचाळीस हजार आणि एकशे चाळीस कोटींच्या देशाला तीन हजार. राष्ट्रकुलाच्या समारंभांत समतेची भाषणे होतात, त्यांचा अर्थ या कोष्टकात पाहावा. ही योजना मुळीच नसण्यापेक्षा बरी, हे खरे. पण दोन माणसांचे नाते सोडतीच्या चिठ्ठीवर सोपविणे याला धोरण म्हणता येत नाही.

ब्रिटिश कायद्याने परदेशी जोडीदाराकडे, विशेषतः भारतीय उपखंडातील जोडीदाराकडे, संशयाने पाहण्याला जुना इतिहास आहे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी करण्यात आली. ती वाग्दत्त म्हणून आली आहे की आधीच विवाहित आहे, हे ठरविण्याचा हा सरकारी मार्ग! बातमी फुटताच येथे संतापाची लाट उसळली आणि तो प्रकार थांबविण्यात आला. तो एकटादुकटा नव्हता हे पुढे २०११ साली उजेडात आलेल्या सरकारी कागदपत्रांवरून दिसले. दिल्ली आणि मुंबई येथील ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा चाचण्या झाल्या होत्या. १९८० पासून नवऱ्यांवर निराळीच अट आली. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही, हे नवऱ्याने सिद्ध करावयाचे. मनातील हेतूचा नकारार्थी पुरावा कोणते न्यायालय मागते? तरीही हा नियम १९९७ साली मजूर पक्षाचे सरकार येईपर्यंत सतरा वर्षे टिकला.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग १९८५ सालचा आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांना आपल्या पतींना आणण्याची परवानगी नाकारण्यात आली होती. पुरुषांना मात्र पत्नी आणणे त्या मानाने सोपे होते. २८ मे १९८५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा स्त्रियांविरुद्धचा भेदभाव ठरविला. सरकारने निकालाचा मान राखला तो असा, की पतींवरील जाचक अटी पत्नींनाही लागू केल्या. हक्क वाढवून नव्हे, तर दोघांचेही कमी करून समता साधली. समतेचा केवळ शब्दार्थ घेणाऱ्या कायद्याच्या हाती समता कशी सापडते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे, आणि आरक्षणापासून समान नागरी कायद्यापर्यंतच्या वादांत पडणाऱ्यांनी ते विसरू नये.

पुढे २००८ साली जोडीदाराच्या व्हिसासाठी वयाची अट १८ वरून २१ करण्यात आली. सक्तीचे विवाह रोखणे हे कारण देण्यात आले. ते कारण खोटे नव्हते. उपखंडातील कुटुंबांत मुलींवर अशी सक्ती होते आणि तिचा निषेध समाजवाद्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता केला पाहिजे. परंतु या जाळ्यात अडकले ते चिलीचा एक तरुण आणि त्याची ब्रिटिश पत्नी. त्यांच्यावर कोणीही सक्ती केली नव्हती. विद्यापीठातील प्रवेश सोडून त्या मुलीला नवऱ्यामागोमाग देश सोडावा लागला. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही अट बेकायदा ठरविली. पुढच्याच वर्षी सरकारने नवा मार्ग शोधला. वयाने अडविता येत नाही, तर उत्पन्नाने अडवावे.

९ जुलै २०१२ रोजी हुजूर पक्षाच्या थेरेसा मे गृहमंत्री असताना १८,६०० पौंडांची अट आली. सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीचा अंदाज होता की, अर्ज करणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांना ती पुरी करता येणार नाही. निम्म्याजवळ लोक गाळले जातील हे ठाऊक असून नियम केला, म्हणजे गाळणे हाच नियमाचा उद्देश होता असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. इंग्लंडच्या बाल-आयुक्तांच्या कचेरीने २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात आई किंवा बाप देशाबाहेर अडकल्याने बाधित झालेल्या मुलांची संख्या सुमारे १५,००० सांगितली होती. संगणकाच्या पडद्यावरच पालकांना भेटणारी मुले असे त्यांचे वर्णन होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट तत्त्वतः वैध धरली, पण मुलांच्या हिताकडे नियमांनी केलेले दुर्लक्ष बेकायदा ठरविले. डिसेंबर २०२३ मध्ये ही रक्कम एकदम ३८,७०० करण्याची घोषणा झाली. ओरड होताच पहिला टप्पा २९,००० वर आणला गेला. २०२४ साली सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने पुढची वाढ रोखली आणि प्रश्न पुन्हा सल्लागार समितीकडे धाडला. जून २०२५ च्या अहवालात समितीने सांगितले की, किमान वेतनावर पूर्णवेळ काम करणाऱ्याला कुटुंब पोसता यावे एवढेच पाहावयाचे असेल, तर २३,००० ते २५,००० पौंड पुरेसे आहेत, आणि ३८,७०० चा आकडा मानवी हक्कांच्या बंधनांशी विसंगत ठरण्याचा संभव आहे. अर्थात, कामगारांच्या नावाने चालणाऱ्या पक्षाचे सरकार येऊनही २९,००० चा आकडा ताबडतोब खाली आला नाही, ही गोष्ट येथील डाव्यांनीही मनन करण्यासारखी आहे.

या अटीच्या समर्थनार्थ सांगितले जाते की, परदेशी जोडीदाराचा बोजा करदात्यांवर पडू नये. युक्तिवाद वरकरणी वाजवी दिसतो. परंतु जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला कायम वास्तव्याचा हक्क मिळेपर्यंत सरकारी साहाय्यनिधीला हातच लावता येत नाही, तशी स्पष्ट अट व्हिसावर असते. आरोग्यसेवेचा अधिभार त्याने आधीच भरलेला असतो आणि नोकरी लागताच तो करही भरू लागतो. मग बोजा कोणता? उलट, एका पगारावर मूल वाढविणाऱ्या आईला जोडीदाराची साथ मिळाली तर तिला सरकारी मदतीची गरज कमी भासेल, वाढणार नाही. अमेरिकेचा कायदा काही गरिबांचा कैवारी नव्हे. पण तेथेही पती-पत्नीसाठी उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के एवढीच आहे, आणि ती पुरी होत नसेल तर एखादा नातेवाईक वा मित्र सहहमीदार म्हणून उभा राहू शकतो. ब्रिटनमध्ये सासऱ्याने नियमित मदतीचे वचन दिले तरी ते अपवादात्मक परिस्थितीतच विचारात घेतले जाते.

उत्पन्नाची भिंत ओलांडण्याची एक वाट काही काळ युरोपीय कायद्याने खुली ठेवली होती आणि तिला एका भारतीयाचे नाव आहे. सुरिंदर सिंग यांनी ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला, दोघांनी काही वर्षे जर्मनीत नोकरी केली आणि मग ती ब्रिटनला परतली. १९९२ साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला युरोपीय कायद्याचे संरक्षण आहे. २०१२ नंतर अनेक ब्रिटिश जोडप्यांनी आयर्लंडमध्ये किंवा अन्यत्र काही महिने नोकरी करून हा मार्ग धरला. स्वतःच्या देशात जोडीदारासह राहण्याचा हक्क मिळविण्यासाठी प्रथम स्वतःचा देश सोडावा लागे! युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर ही वाटही बंद झाली. डेन्मार्कने २००२ मध्ये दोन्ही जोडीदारांना २४ वर्षांची अट घातली, तेव्हा तेथील तरुण जोडपी सामुद्रधुनीवरचा पूल ओलांडून स्वीडनमधील माल्म येथे बिऱ्हाड करू लागली होती. कायद्याच्या फटींतून संसार करण्याची ही कला गरजेने शिकविली.

ब्रिटनला बोल लावताना आपल्या घरातले पाहावयास हवे. परदेशी जोडीदारासाठी उत्पन्नाची अट भारतात नाही, हे श्रेय आपल्या कायद्याला द्यावे. पण विशेष विवाह कायदा, १९५४, खाली लग्न करावयाचे तर दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे, नोटिस हवी, ती नोंदणी कचेरीत प्रसिद्ध व्हावी आणि आणखी ३० दिवस आक्षेपांची वाट पाहावी. अल्पमुदतीच्या व्हिसावर आलेला जोडीदार या कालगणनेतच अडकतो. आणि आंतरधर्मीय जोडप्याच्या बाबतीत ती नोटिस म्हणजे उपद्रवी टोळक्यांना धाडलेले निमंत्रणच ठरते. विवाहाची नोंद होऊन सलग दोन वर्षे झाल्यावर परदेशी जोडीदाराला प्रवासी भारतीय नागरिकाचे कार्ड मागता येते. पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक असलेल्याला मात्र नाही. पहलगामच्या निर्घृण हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले. तेव्हा अटारीच्या फाटकाशी भारतीय पासपोर्टाच्या आया आणि पाकिस्तानी पासपोर्टाची मुले अलग होताना देशाने पाहिली. हत्याकांड घडविणाऱ्यांशी त्या आयांचा काडीचा संबंध नव्हता. समलिंगी जोडीदारांना ब्रिटनचा व्हिसा इतरांइतक्याच अटींवर मिळतो. भारतात १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही त्यांच्या विवाहाला मान्यता नाही, त्यामुळे परदेशी जोडीदाराला पती वा पत्नी म्हणून या देशात येण्याचा मार्ग नाही. तेव्हा नैतिक उंचावरून बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही.

कार्यकर्त्यांत एक मत असेही आहे की, परदेशी शिकावयास जाणारी मुले सुखवस्तूंचीच असतात, त्यांच्या प्रेमाची चिंता पक्षाने का वाहावी? हे मत वस्तुस्थितीला धरून नाही. सुखवस्तूंच्या मुलांना ८८,५०० पौंडांची वाट मोकळीच आहे. अडते ती शेत तारण ठेवून गेलेल्याची मुलगी, आणि तिकडे अडतो तो लीड्समधला गोदाम-कामगार किंवा बर्मिंगहॅममधली शुश्रूषा-सेविका. भारतीय कर्जदार आणि ब्रिटिश वेतनदास यांना एकाच नियमाने एकाच रांगेत उभे केले आहे. परदेशी माणूस स्थानिकाची मजुरी पाडतो, ही भीती तेथील कामगार संघटनांत आहे. तिला उत्तर आहे ते वेतन वाढविण्याचे आणि संघटना बांधण्याचे. दारात अडविलेला नवरा कोणाचीही मजुरी वाढवीत नाही.

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांनी व्यापार करारावर सह्या केल्या. स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के जकात प्रथम ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्के करण्याचे त्यात मान्य झाले. ब्रिटनला तात्पुरते धाडल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेच्या दुहेरी वर्गणीतून तीन वर्षे सूट देण्याचेही ठरले. कंपन्यांची ती जुनी मागणी होती. स्थलांतराच्या धोरणात या कराराने काहीही बदल होत नाही, असे ब्रिटिश सरकारने त्याच वेळी जाहीर करून टाकले. म्हणजे मद्य आले, कंपनीचा नोकर आला, पण त्या नोकराची किंवा नोकरी नसलेल्याची बायको चर्चेच्या मेजावर आली नाही.

पुढील बोलण्यांत भारत सरकारने तीन गोष्टी मागाव्यात आणि डाव्या खासदारांनी त्या संसदेत विचाराव्यात. परदेशी जोडीदाराची स्वदेशातील प्रमाणित कमाई आणि तेथे मिळालेल्या नोकरीचे नेमणूकपत्र हिशेबात धरावे. उत्पन्नाची अट ठेवावयाचीच असेल तर ती पूर्णवेळ किमान वेतनाच्या वर नसावी. तरुणांच्या योजनेतील ३,००० जागा वाढवून सोडत बंद करावी. त्यांपैकी पहिल्या मागणीला ब्रिटिश तिजोरीतून एक पेनीही खर्ची पडत नाही. विशेष विवाह कायद्यातील जाहीर नोटिसीचे कलम काढून टाकण्यासाठी मात्र लंडनला जावे लागत नाही. ते दिल्लीतच, संसदेच्या एका दुरुस्ती विधेयकाने होण्यासारखे आहे, आणि तोवर प्रत्येक जिल्ह्याच्या विवाह नोंदणी कचेरीत अशा जोडप्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम तालुका शाखांना आजही करता येईल.